भाकऱ्या लष्कराच्या, पीठ कुणाचं?

मी कळंबहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखता. मागच्या वेळी मी बँकेच्या कर्जाचे हप्ते आणि वहीतल्या नोंदी यांवर बोलले होते. आज विषय जरा वेगळा आहे, तरी वही त्यातही येणारच.

आपल्या मुली आता पदवीपर्यंत शिकतात. वसईला, विरारला, नालासोपाऱ्याला कॉलेजं आहेत. सकाळची शेअर रिक्षा पकडून, गर्दीत उभ्या राहून मुली बीए, बीकॉम, बीएससी होतात. निकाल लागला की घरात दोनच प्रश्न असतात. नोकरी कधी? आणि लग्न कधी? अशात एखादी मुलगी म्हणाली, "आई, मी एक वर्ष जव्हारच्या पाड्यांवर शाळेत काम करायला जाते, फेलोशिप मिळालीय," तर आईला वाटतं, हिला कुणीतरी फसवलं. पदवी घेऊन पुन्हा पाड्यावर? आपल्याकडे म्हणतातच, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या.

ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलेय. ती दर वेळी भाकऱ्या भाजणारीला हिणवायला वापरतात. पण पीठ कुठून आलं, सरपण कुणाचं, हे त्या म्हणीत कुणी विचारत नाही. मला आज तेच विचारायचंय.

फेलोशिप म्हणजे काय, ते आधी साध्या भाषेत सांगते. शिक्षण पूर्ण झालेल्या मुलामुलींना ठरावीक काळ, बहुधा एक किंवा दोन वर्षं, लोकांच्या कामाला जोडून घ्यायचं. शाळा, आरोग्य, पाणी, शेती, पंचायत, काहीही असेल. त्या काळात त्यांचं पोट चालावं म्हणून महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे. तो पगार नसतो. त्यात भविष्य निर्वाह निधी नाही, कायम होण्याची हमी नाही. त्याला मानधन म्हणतात. माझा अनुभव असा, की मान वेळेवर मिळतो, धन उशिरा.

ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. नामदार गोखल्यांनी 12 जून 1905 ला पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा देशकार्याला आयुष्य देणाऱ्या सभासदांच्या पोटापाण्याची बेताची का होईना, व्यवस्था समाजानेच केली होती. गोखले स्वतः फर्ग्युसन कॉलेजात महिना 75 रुपयांवर शिकवत होते, वीस वर्षांच्या बोलीवर. सेवा करणारा माणूस उपाशी राहिला तर सेवाही बंद पडते, हे त्या लोकांना पक्कं कळलं होतं. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात नाव असलेल्या गोदावरी परुळेकर, वारल्यांच्या उठावातल्या, त्यांनीही कामाची सुरुवात याच भारत सेवक समाजातून केली.

आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे बोर्डी आणि कोसबाड. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ पुण्याची हुजूरपागेतली शिक्षिकेची नोकरी सोडून तिथे आल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेली ही बाई. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी अंगणवाडी चालवली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. आज गावोगावी अंगणवाडी आहे, तो शब्द आपल्या डहाणूच्या बाजूने गेलेला आहे. आपण शाळेत त्यांचा त्याग शिकलो. त्या काय खात होत्या, भाडं कुठून भरत होत्या, हे कुठल्या धड्यात नव्हतं. त्यामुळे आपल्या डोक्यात एक गोष्ट बसली, की समाजकार्य करणाऱ्याने पैशाबद्दल बोलायचं नसतं. त्याचं नुकसान आपल्याच मुली सोसतात.

आता आमच्या गटातली गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, त्या ताईंना विचारूनच सांगतेय.

आमच्या अकरा जणींच्या गटातली एक ताई रिसॉर्टला जेवणाचे डबे देते. शनिवार-रविवार पर्यटक आले की काम, एरवी हात रिकामे. तिची मोठी मुलगी गेल्या वर्षी बीए झाली. तिची जव्हार तालुक्यात एका संस्थेच्या एक वर्षाच्या फेलोशिपसाठी निवड झाली. शाळेतल्या मुलांना वाचायला शिकवायचं आणि आयांच्या बैठका घ्यायच्या. मानधन महिना 12,000 रुपये. ताईने आम्हाला पेढे दिले. मीही म्हटलं, छान झालं.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ती रुजू झाली. गणपतीला घरी आली नाही. म्हणाली, काम आहे. दिवाळीला आली, तर तोंड उतरलेलं, कपडे ढगळ झालेले. आईने दोन दिवस विचारलं, काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. तीन महिने झाले, मानधनाचा एक रुपया आला नव्हता. कागदपत्रं वर गेली आहेत, मंजुरी आली की एकदम मिळेल, एवढंच उत्तर मिळत होतं.

मी तिला आमच्या घरी बसवलं आणि दोघींनी मिळून वहीवर हिशेब केला. खोलीभाडं 2,500, खाणं 3,500, पाड्यांवर जायचा प्रवास 1,500, महिन्यातून घरी येणंजाणं 800, फोन 300. झाले 8,600. तीन महिन्यांचे 25,800. खोलीची अनामत 5,000. म्हणजे पहिलं मानधन हातात पडायच्या आधी तिला 30,800 रुपये लागत होते. आईने निघताना 10,000 दिले होते. खोलीतल्या मैत्रिणीकडून 7,000 उसने घेतले. दोन महिन्यांचं भाडं, 5,000, थकलं होतं. हे झाले 22,000. उरलेले 8,800 तिने स्वतःच्या अंगावर काढले. घरी यायचं टाळलं, पाड्यावर चालत गेली आणि रात्रीचं जेवण सोडलं.

दिवसा ती मुलांना "मी रोज जेवते" हे वाक्य वाचायला शिकवत होती. हे तिनेच हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

मला राग आला त्याला दुसरंही कारण आहे. मी बीए झाले तेव्हा मलाही असंच एका ठिकाणी काम मिळालं होतं. सर्वेक्षणाचं. मानधन आठ महिने आलं नाही. घरून रोज ऐकायचे, कशाला जातेस? शेवटी सोडलं. पैसे नंतर आले, पण तोवर मी दुकानात हिशेब लिहायला लागले होते. त्या कामात मी राहिले असते तर आज काय असते, कोण जाणे. त्या वेळी गट नव्हता माझ्यामागे.

तर त्या ताईने गटाच्या बैठकीत कर्ज मागितलं. 12,000 रुपये, मैत्रिणीचे 7,000 आणि भाड्याचे 5,000. आणि आमच्यात चांगलंच वाजलं. एक काकू म्हणाल्या, "नोकरी लागली म्हणून पेढे दिले ना? मग कर्ज कशाला? आमच्या सुनेच्या बाळंतपणाला तुम्ही पाच हजारच दिले होते." त्यांचं अगदीच चूक नव्हतं. दुसरी म्हणाली, "अंतर्गत कर्ज धंद्याला, आजारपणाला, शिक्षणाला असतं. हे कशात बसतं?" तिसरी हळूच म्हणाली, "मुलीला परत आणा, स्थळं येतायत." ती ताई मान खाली घालून बसली होती.

मग आमच्यातल्या एका कोळी मावशीने विषय फिरवला. त्या फारशा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "पावसात होड्या बंद असतात. दोन-तीन महिने पैसा येणार नाही हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून आपण आधी आगोट भरतो, जवळा, बोंबील, तांदूळ, सरपण. पावसात माणूस उपाशी राहिलं तर आपण पावसाला शिव्या देतो का? आगोट भरली नाही म्हणतो. या पोरीची आगोट कुणी भरली?"

ठराव झाला. 12,000 रुपये कर्ज. आमच्याकडे महिना दोन टक्के व्याज असतं, या कर्जाला एक टक्का. काकूंनी अंगठा नाही, सही केली, आणि वर म्हणाल्या, "पुढच्या बाळंतपणाला पण एक टक्का लिहा." तेही लिहिलं.

मानधन डिसेंबरच्या मध्यावर आलं, चार महिन्यांचं एकदम, 48,000. मुलीने दोन महिन्यांच्या व्याजासह 12,240 रुपये परत केले. पुढचं मानधन कधी वेळेवर, कधी पंधरा दिवस उशिरा येत राहिलं. वर्ष तिने पूर्ण केलं. आता ती काय करते, विचाराल. अजून पक्की नोकरी नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास आणि शिकवण्या चालू आहेत. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पण तिच्या वर्गातली काही मुलं आता वाचतात, आणि ती स्वतः तहसील कार्यालयात जाऊन चारचौघांत बोलते, हे मी पाहिलंय.

दुसरी एक मुलगी होती. तिचीही त्याच वर्षी निवड झाली होती. तिच्या आईकडे निघताना द्यायला दहा हजार नव्हते, आणि तिने कुणाला विचारलंही नाही. ती गेलीच नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता. संस्थेच्या कागदावर फक्त "उमेदवार रुजू झाली नाही" एवढं लिहिलं गेलं असेल. ज्यांच्या घरात तीन महिने बिनपैशाचे निघतात त्यांनीच सेवा करायची, असा याचा अर्थ होतो. मग पाड्यावर शिकवायला शहरातली सुखवस्तू मुलगी येईल, चांगलं शिकवेलही, पण आपली मुलगी, जिला ती भाषा, ते दारिद्र्य आणि तो पाऊस ठाऊक आहे, ती घरी बसेल.

सगळ्या फेलोशिप सारख्या नसतात, हेही सांगितलं पाहिजे. राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप 2015 मध्ये सुरू झाली, मध्ये खंड पडला, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. 2025-26 साठी 60 जागा होत्या. वय 21 ते 26, कुठल्याही शाखेची पदवी पण 60 टक्के गुण हवेत, आणि एक वर्षाच्या कामाचा अनुभव. दरमहा 56,100 आणि प्रवास वगैरेसाठी 5,400, मिळून 61,500 रुपये. एक तृतीयांश जागा मुलींसाठी. ऑनलाइन परीक्षा, मग निबंध आणि मुलाखत. आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रमही सोबत असतो. अख्ख्या राज्यातून 60 जण घेतात, म्हणजे अवघड आहे, पण अर्ज करायला काय हरकत आहे? आपल्या मुली अर्जच करत नाहीत.

स्टेट बँकेची 'यूथ फॉर इंडिया' नावाची आहे, 2011 पासून. तेरा महिने गावात राहून एखाद्या संस्थेबरोबर काम. वय 21 ते 32. तिथे काम पूर्ण केल्यावर परत घडी बसवायला एकरकमी पैसेही देतात, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. टीच फॉर इंडिया 2009 मध्ये मुंबई-पुण्यातल्या शाळांपासून सुरू झाली, ती दोन वर्षांची. गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा 'निर्माण' उपक्रम 2006 पासून आहे. तिथे आधी तरुणांची शिबिरं होतात. ज्यांना प्रत्यक्ष काम करून बघायचंय त्यांच्यासाठी 'कर के देखो' नावाची फेलोशिप आहे. नावच मला आवडतं.

आणि 2024 मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना तुम्हाला माहीतच आहे. बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000. आधी सहा महिने होती, नंतर अकरा केली. आपल्या गावातल्या काही मुलींना ऑफिसचं काम कळलं, बाहेर पडायला निमित्त मिळालं. पण अकरा महिन्यांनी पुढे काय, याचं उत्तर नव्हतं, आणि राज्यभर प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले. जाताना परतीचा रस्ता बघून जायचं, हे त्यावरून मी शिकले.

इथे एक खटकणारी गोष्ट बोलून टाकते. उमेद अभियानात गावोगाव फिरणाऱ्या आपल्या समुदाय संसाधन व्यक्ती, आपल्या प्रेरिका, यांना 2023 पर्यंत महिना 3,000 मिळत होते. मग ते 6,000 झाले. त्या वर्षाच्या नाहीत, कायमच्या तिथेच आहेत, रात्री नऊला फोन आला तरी उठतात. कुणी त्यांना फेलो म्हणत नाही. 61,500 मिळणाऱ्या मुलांचा मला हेवा नाही, त्यांना मिळालेच पाहिजेत. पण गावात येऊन ती मुलं पहिली माहिती कुणाकडून घेतात? आपल्याच ताईकडून. हा हिशेब मला जुळवता येत नाही.

आता तुमच्या घरात कुणाला असं पत्र आलं तर काय बघायचं? पेढे वाटायच्या आधी पत्र दोनदा वाचा. मानधन कोणत्या तारखेला जमा होणार, हे लेखी आहे का? नसेल तर मुलीला विचारायला सांगा. यात उद्धटपणा नाही. पहिल्या महिन्याचं आगाऊ मिळेल का, हेही विचारायचं. काही ठिकाणी देतात, मागितलं तरच देतात. राहायची सोय त्यांची की आपली? फिरतीचा खर्च मानधनातूनच की वेगळा? आजारी पडली तर विमा आहे का? मध्येच सोडावं लागलं तर पैसे परत मागणार का? मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे का, ते निघायच्या आधी बँकेत जाऊन बघा. सरकारी पैसे बरेचदा तिथेच अडकतात, आणि जव्हारहून नालासोपाऱ्याच्या शाखेत यायला मुलीचा अख्खा दिवस जातो.

सरकारी परीक्षेला ठरलेलं शुल्क असतं, ते सरकारी संकेतस्थळावरच भरायचं असतं. पण "तुमची निवड झाली, आता डिपॉझिट भरा" असा कुणाचा फोन आला तर फोन ठेवून द्या.

मुलगी एकटी परक्या गावात राहणार, तेव्हा रात्रीची काळजी आपल्याला असतेच. दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी स्त्रियांच्या छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असली पाहिजे, हा 2013 चा कायदा आहे. लहान संस्था असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. समितीत कोण आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून नंबर लिहून घ्यायचा. आईच्या वहीतही लिहायचा.

आणि मुलीला सांगून ठेवा, पैसे आले नाहीत तर लपवू नकोस. आपण पोरींना लहानपणापासून शिकवतो, आहे त्यात भागव. त्या भागवतात. जेवण सोडून भागवतात.

आमच्या गटाने जानेवारीत अजून एक ठराव केला. बचतीचे 200 तर आहेतच, त्याव्यतिरिक्त प्रत्येकीने महिना 20 रुपये वेगळे टाकायचे. वहीत त्या पानावर मावशीच्या सांगण्यावरून "आगोट" असंच लिहिलंय. महिन्याला 220, वर्षाचे 2,640. एवढ्यात काय होतं? खोलीची निम्मी अनामत होते. शेजारच्या दोन गटांना विचारलंय. एक गट हो म्हणाला, दुसऱ्या गटात अजून भांडण चालू आहे, आणि भांडताहेत म्हणजे विचार करताहेत, असं मी धरलंय.

परवाच्या बैठकीला ती दुसरी मुलगी, गेल्या वर्षी न गेलेली, आपल्या आईबरोबर आली होती. यंदा तिने दोन ठिकाणी अर्ज केलाय. आई कोपऱ्यात बसली होती. बैठक संपता संपता तिने विचारलं, "ताई, त्या आगोटीच्या पानावर आता किती जमलेत?"

मी वही उघडून सांगितलं, 1,980.